दोन पेडलांची गाडी

बंगळुरातल्या लालबागच्या पश्चिम फाटकापासून पुढं रस्ता मोकळा होता, समोर ना टांगा ना गुरं, गाडी टॉप गिअरमध्ये ताशी तीस मैलांच्या आत सुखानं चालली होती, आणि नरसिंगरावांच्या डाव्या पायानं एकाएकी होता नव्हता तेवढा जोर लावून खाली दाबलं. नेहमीच्या गाडीत त्या जागी क्लच असतो. क्लच दाबला असता तर इंजिन सुटं होऊन गाडी आपली घरंगळत राहिली असती, कुणाला कळलंही नसतं. पण या गाडीला क्लचचं पेडलच नव्हतं. पेडलं दोनच, एक अ‍ॅक्सिलरेटरचं आणि एक ब्रेकचं, आणि ब्रेकचं पेडल असं ऐसपैस की दोन्ही पाय शेजारी शेजारी मावावेत. गाडी जागच्या जागी थांबली. शेजारी बसलेल्या शकुंतलाबाई पुढं फेकल्या गेल्या आणि त्यांचं कपाळ, डाव्या भुवईच्या वर, समोरच्या पत्र्याच्या कडेवर आपटलं. आवाज अगदी लहान झाला. मग त्यांनी पदर कपाळाला लावला, आणि पदराचा तेवढा भाग हळूहळू लाल होताना नरसिंगराव पाहत राहिले. “क्लच समजून दाबलं,” ते म्हणाले. लागलं का, हे त्यांनी नंतर विचारलं. हा क्रम त्यांच्या लक्षात राहिला, आणि पुढच्या पाच आठवड्यांत त्यांनी तो पुष्कळ वेळा मनात तपासून पाहिला.

त्याच्या आधी, फार तर दोन श्वास आधी, शकुंतलाबाई एक वाक्य बोलल्या होत्या. “मी बेळगावला हो म्हणून कळवलं.” चामराजपेठेतल्या मुलींच्या एका शाळेत त्या अकरा वर्षं शिकवत होत्या, पण ट्रेनिंग झालेलं नसल्यामुळं दर जूनमध्ये नव्यानं नेमणूक व्हायची, आणि दर एप्रिलमध्ये घरात एक न बोललेली धाकधूक असायची. आता बिनट्रेनिंगच्या बायकांना ठेवायचंच नाही असं ठरत होतं. बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली होती. एका वर्षाचा प्रश्न, माहेर तिथलंच, राहायला भावाचं घर. हे सगळं त्या मार्चपासून सांगत होत्या आणि नरसिंगराव मार्चपासून “बघू” म्हणत होते. नाही म्हणायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. नको असलेली गोष्ट बघू म्हणून बाजूला ठेवायची आणि ती आपोआप वाळून जाईपर्यंत तिच्याकडं फिरकायचं नाही, अशी त्यांची रीत. त्यांना मूलबाळ नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारात शकुंतलाबाई पंधरा दिवसांहून अधिक कुठं राहिल्या नव्हत्या. त्या वर्षभर गेल्या तर आपलं काय होईल याची नरसिंगरावांना साधी, सरळ भीती वाटत होती. आणि तिच्या खाली आणखी एक होती: वर्षभर आपल्यावाचून राहता येतं, हे शकुंतलाबाईंना एकदा कळलं तर पुढं काय. सत्तेचाळिसाव्या वर्षी अशी भीती वाटणं शोभत नाही म्हणून त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती, आणि जिला सांगायची तिला तर नाहीच.

डॉक्टरांनी तीन टाके घातले. घरी भागीरथीअक्कांनी, म्हणजे नरसिंगरावांच्या विधवा थोरल्या बहिणीनं, दारातच दोघांवरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या आणि शेजारच्या बायकांना सगळी हकीगत आपण गाडीत असल्यासारखी सांगितली. “नरसूनं हात आडवा घातला म्हणून वाचली गं. नाहीतर काच फोडून बाहेर जायची की. स्वल्प लागलं, तेवढ्यावर भागलं.” हे खरं होतं. नरसिंगरावांचा डावा हात शकुंतलाबाईंच्या छातीपुढं आडवा गेला होता, आणि त्या हाताला धक्का बसल्यामुळं मनगट दोन दिवस दुखत होतं. शेजारच्या बायका त्यांच्याकडं कौतुकानं बघायला लागल्या. नरसिंगरावांनी मनगटाला एरंडेल चोळून घेतलं आणि कौतुकही घेतलं. पण डॉक्टर जेव्हा म्हणाले की डोक्याची जखम आहे, तीन आठवडे आगगाडीचा प्रवास नको, तेव्हा त्यांच्या छातीतून काहीतरी सुटं होऊन खाली बसलं, आणि त्यांना आनंद झाला. त्याला दुसरं नाव देता येत नव्हतं. कॉलेज वीस जूनला सुरू होणार होतं. टाक्यांचा दोरा अजून ओला होता आणि हा माणूस तारखा मोजत होता, हे त्यांनी स्वतःला लगेच सांगून टाकलं, पण सांगून आनंद काही कमी झाला नाही.

गाडी घरी येऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. व्हाइटफील्डला एक म्हातारी मडम लेकीकडं ऑस्ट्रेलियाला कायमची निघाली होती. तिच्या कौलारू बंगलीमागच्या शेडमध्ये ही छोटी विलायती गाडी फुलाफुलांच्या पलंगपोसाखाली झाकून ठेवलेली होती. नरसिंगराव रेशमाच्या सुताच्या कंपनीत होते. कंपनीच्या गाडीतून रामनगर, चन्नपट्टण, कोळ्ळेगाल असं वीस वर्षं फिरले होते, पण स्वतःची गाडी ही पहिलीच. मडमेनं गाडीची ओळख एखाद्या जुन्या मोलकरणीची करून द्यावी तशी करून दिली. ही अर्धं काम आपलं आपण करते, हिला फार शिकवायला जाऊ नका. गिअर बदलायचा तो हातानंच, पण दांडीच्या मुठीवर नुसता हात ठेवला की क्लच आपोआप सुटतो, हात काढला की आपोआप लागतो, पायाचं काही काम नाही. नरसिंगरावांना ही कल्पना फार आवडली. इतकी वर्षं गाडी चालवताना त्यांना नेहमी वाटायचं की आपण एका हट्टी जनावराची समजूत घालतोय, चढावर अर्धा क्लच, उतारावर अर्धा क्लच, संध्याकाळी पोटरीत गोळे. या गाडीत ते सगळं गेलं. ती गवीपुरातल्या त्यांच्या घरापुढच्या अरुंद गल्लीतून इतकी मऊ निघायची की ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना ती निघाल्याचं कोपऱ्यावर वळल्यावर कळायचं. पहिल्या गिअरला थोडी कुरकुर करी, दुसऱ्याला गप्प होई. गॅलनला चाळीसच्या आसपास मैल देत होती. आत कातड्याचा, पेट्रोलचा आणि मडमेच्या कुठल्याशा पावडरीचा मिळून एक वास होता, तो काचा उघड्या ठेवूनही गेला नाही. फक्त डाव्या पायाचं काय करायचं हे ठरत नव्हतं. तो लग्नघरात काम न मिळालेल्या पाहुण्यासारखा अवघडून बसायचा. पुढं ठेवला तर ब्रेकपाशी, मागं घेतला तर सीटच्या खाली, मध्ये ठेवला तर मुंग्या. वीस वर्षांत तो पाय आपला आहे हे नरसिंगरावांना कधी जाणवलं नव्हतं, आणि आता दिवसातून दहा वेळा जाणवत होतं.

पूजेच्या दिवशीही फजिती झालीच होती. अक्कांच्या हट्टावरून गाडी दोड्ड गणपतीच्या देवळापुढं नेली होती. बसवनगुडीत नवी सायकल घेतली तरी तिथं नेतात, ही तर मोटार. पुजाऱ्यानं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, चारी चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि कन्नडमध्ये म्हणाला, आता पुढं घ्या, लिंबं फुटू द्या. माणसं बघत होती. नरसिंगरावांनी पहिला गिअर टाकला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि इंजिन मोठ्यानं गरजलं. गाडी तसूभर हलेना. आणखी दाबला, आणखी गरजलं, धूर झाला, लिंबं जशीच्या तशी. गिअर टाकल्यावर दांडीच्या मुठीवर हात तसाच विसावत ठेवायची त्यांची जुनी सवय होती. सगळेच जुने ड्रायव्हर ठेवतात. आणि हात मुठीवर आहे तोवर ही गाडी क्लच सुटाच धरणार. हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत पुजाऱ्याचा चेहरा गंभीर झाला होता आणि अक्कांचे ओठ हलू लागले होते. शेवटी शकुंतलाबाईंनी मागच्या सीटवरून हळूच सांगितलं, “हात काढा की मुठीवरचा.” त्यांनी हात काढला, गाडीनं झेप घेतली, चारी लिंबं एकदम फुटली आणि आंबट वास सुटला. लोक हसले. शकुंतलाबाईही हसल्या, पदर तोंडाला लावून, आणि नरसिंगरावांना त्या हसण्याचं बरं वाटलं होतं. त्या कधीही गाडी चालवायला बसल्या नव्हत्या. तरी मडम जे सांगत होती ते त्यांनी नीट ऐकून घेतलं होतं, कारण त्या सगळंच नीट ऐकून घ्यायच्या.

आता गाडीची तपासणी करून घ्यावी म्हणून नरसिंगराव ती कृष्णातकडं घेऊन गेले. कृष्णात निपाणीकडचा, जे. सी. रोडवर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. बंगळुरात येऊन बारा वर्षं झाली तरी त्याची बोली तशीच राहिली होती. ब्रेक जरा जास्त धरतोय का बघ, असं त्यांनी सांगितलं आणि घडलं ते थोडक्यात सांगितलं. कृष्णात गाडीखाली गेला आणि बऱ्याच वेळानं वर आला. मग हात पुसत म्हणाला, “बिरेक एकदम झ्याक हाय, साहेब. ह्यो पाय लई हट्टी असतोय बघा. ह्या जातीच्या दोन गाड्या आल्त्या माझ्याकडं. पयल्या दिवशी मीबी दाबला आन् नाक फोडून घेतलं. पर ते तीन दिस, लई तर चार. येकदा पायाला कळ्ळं की त्यो पुन्ना तिकडं जाईत न्हाई.” मग त्यानं डोकं खाजवलं. “तुमचा एकोणिसाव्या दिशी कसा काय पडला, त्येचं नवल वाटतंय मला.” त्याच्या बोलण्यात काही खोच नव्हती. त्याला खरंच नवल वाटत होतं, इंजिनात अनोळखी आवाज ऐकल्यावर वाटतं तसं. नरसिंगराव म्हणाले, “माझं वय झालं आता.” कृष्णात म्हणाला, “छ्या, कसलं वय,” आणि दुसऱ्या गाडीकडं गेला. नरसिंगराव तिथल्या लाकडी बाकावर बसून राहिले. रस्त्यावरून बसगाड्या जात होत्या. त्यांनी आठवून पाहिलं. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, मग एकदाही नाही. पंधरा सोळा दिवस पाय जागेवर होता. त्या दिवशी गिअर बदलायचा नव्हता, वळायचं नव्हतं, कुणी आडवं आलं नव्हतं. क्लचची गरज लागावी असं काही म्हणजे काहीच नव्हतं. ते वाक्य तेवढं होतं.

त्यांचे वडील शिंपी होते. बळेपेठेत दुकान, दुकानात एकच मशीन, आणि मशीनच्या मागं दिवसभर वाकलेली वडिलांची पाठ. नरसिंगरावांना त्यांचा चेहरा आता नीट आठवत नसे, पण पाय स्पष्ट आठवत, लोखंडी जाळीच्या पेडलवर खालीवर होणारे, टाचांना भेगा पडलेले. वडील कधी रागवायचे नाहीत. गिऱ्हाईक अंगावर आलं, आई काही लागेल असं बोलली, मुलानं शाळा बुडवली, तरी ते मान खाली घालून शिवत राहायचे. फक्त मशीनचा वेग वाढायचा. पेडल धडधडायला लागलं की दुकानातल्या सगळ्यांना कळायचं, आणि मग जो तो आपापला गुन्हा शोधायचा. आपल्याला हे पाय मिळालेत की काय, असं नरसिंगरावांच्या मनात प्रथम त्या बाकावर आलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. तोंड गप्प ठेवायचं आणि पायाला पुढं करायचं. एकदा एका सणाच्या आधी वडिलांच्या बोटातून सुई आरपार गेली होती. मशीन फार जोरात चाललं होतं म्हणून. आईनं हळद दाबून धरली होती आणि वडील म्हणाले होते, “चुकून झालं.” तेव्हा नरसू आठ वर्षांचा होता, आणि आदल्या रात्री आई मोठ्या मामाकडं निघून जायचं म्हणत होती हे त्याला ठाऊक होतं. या दोन गोष्टी त्यानं तेव्हा एकत्र ठेवल्या नव्हत्या. आता त्या चाळीस वर्षांनी जे. सी. रोडवर भर उन्हात शेजारी शेजारी येऊन बसल्या.

पण नुसती शंका घेऊन किती दिवस काढणार. नरसिंगराव कंपनीत सुताचा कस बघायचे, ताण देऊन, मोडून, पाण्यात घालून. तसाच कस लावायचा त्यांनी ठरवला. जयनगरच्या नव्या लेआउटमध्ये तेव्हा रस्ते आखून झाले होते आणि घरं अजून उठायची होती. नंबर लिहिलेले दगड, मध्येच एखादा अर्धा बांधलेला बंगला, आणि बाकी माळ. सकाळी कामावर जाण्याआधी ते तिथं गाडी घेऊन जायला लागले. अक्कांना सांगितलं, गाडी अंगवळणी पडायला पाहिजे. लांबलचक सरळ रस्ता, टॉप गिअर, ताशी तीसच्या आत. मग नरसिंगराव ते वाक्य मनात म्हणायचे आणि पायाकडं लक्ष द्यायचे. पाय हलायचा नाही. मग मोठ्यानं म्हणायचे, “मी बेळगावला हो म्हणून कळवलं.” रिकाम्या गाडीत आपलाच आवाज ऐकून त्यांना लाज वाटायची. पाय गप्प. एकदा त्यांनी ते शकुंतलाबाईंच्या लकबीत म्हणून पाहिलं, ‘हो’वर किंचित रेंगाळून, आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघितलं. तरी काही नाही. समोरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन येणारी एक बाई बाजूला थांबून या एकटंच बोलणाऱ्या माणसाकडं बघत राहिली. पाय निर्दोष आहे असं यातून सिद्ध होत होतं, की पाय हुशार झालाय असं, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी प्रसंग पुन्हा पुन्हा लावून पाहिला. वाक्य, मग पाय, मग हात, मग कपाळ. पाय आणि हात यांच्यामध्ये काय झालं ते आठवायला गेलं की तिथं एक कोरी जागा लागायची. त्या जागेत त्यांना शकुंतलाबाईंचा चेहरा दिसायचा, त्यांच्याकडं वळलेला, आणि त्यांनी कपाळ आपटायच्या आधी आपल्याकडं का बघितलं असावं, हे कळायचं नाही. दहाएक दिवस हा खेळ करून त्यांनी सोडून दिला.

घरात शकुंतलाबाई नेहमीसारख्याच होत्या, आणि हे सगळ्यात अवघड होतं. टाके निघाले, भुवईवर गुलाबी रेघ राहिली. त्यांनी कॉलेजला अपघात झाल्याचं लिहिलं. पंधरा जुलैपर्यंत हजर झालात तर चालेल, असं तिकडून उत्तर आलं. ते पत्र त्यांनी जेवताना वाचून दाखवलं. अक्का म्हणाल्या, “आता कशाला गं एवढं? देवानं एकदा अडवलं नव्हं? दोनदा अडवायला लावू नये त्याला.” शकुंतलाबाई म्हणाल्या, “देवानं अडवलं नाही, अक्का. गाडी थांबली, एवढंच.” हे त्या ताकाचं भांडं पुढं सरकवत म्हणाल्या. नरसिंगरावांनी भात कालवला. आता काही बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं. जाऊ नकोस हे दोन शब्द त्यांच्या जिभेपर्यंत यायचे आणि तिथं बसायचे. कारण आता ते बोलले असते तर पायानं जे केलं त्याचीच ती पुढची ओळ ठरली असती. आणि जा म्हणाले असते तर खोटं ठरलं असतं. मग ते म्हणाले, “सरी, ठीक आहे. तिकिटाचं बघतो.” तिकीट त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढलं, स्वतः रांगेत उभं राहून, आणि शिवाय खिडकीजवळची जागा मागून घेतली. पायानं केलं ते हातानं करायचं नाही, एवढं त्यांनी आपल्यापुरतं ठरवलं होतं. शकुंतलाबाई या काळात चार वेळा गाडीत बसल्या. चारी वेळा पुढंच बसल्या, त्यांच्या शेजारी, आणि दार धरून वगैरे बसल्या नाहीत. मागं बसल्या असत्या तर नरसिंगरावांना जास्त सोसलं असतं.

निघायचा दिवस गुरुवार होता. पुण्याची मेल दुपारची. अक्कांनी हातावर दही घातलं आणि दारातच उभ्या राहिल्या, स्टेशनवर येणार नाही म्हणाल्या, त्यांना गाडीत बसलं की मळमळतं. मागच्या सीटवर ट्रंक आणि वळकटी. उतारावरून गाडी खाली आली, नेहमीसारखी मऊ. चामराजपेठेतून जाताना शकुंतलाबाईंनी आपल्या शाळेच्या इमारतीकडं एकदा बघितलं. मग त्या अक्कांच्या औषधाविषयी, भिंतीतल्या फडताळात ठेवलेल्या लोणच्याविषयी, धोब्याविषयी सांगत राहिल्या. नरसिंगराव हूं हूं करत होते. आणखी थोड्या वेळानं ही मेलमध्ये बसेल, आणि आपण कायम दोन माणसांसारखे राहू, एक चुकून पाय पडलेला आणि एक त्याला क्षमा केलेली, हे त्यांना एकदम असह्य झालं. मुलांच्या बागेपाशी त्यांनी गाडी कडेला घेतली. सावकाश थांबवली, इंजिन बंद केलं. बागेतून मुलांचा कालवा येत होता.

“काय झालं?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

“त्या दिवशी,” नरसिंगराव म्हणाले, “पाय चुकून पडला असं मी सगळ्यांना सांगितलं. मला तसं वाटत नाही. म्हणजे मला खात्री देता येत नाही.”

शकुंतलाबाई समोर बघत होत्या. “मला देता येते की,” त्या म्हणाल्या.

“कसली?”

“तुमचा हात आधी आला होता. इथं, असा.” त्यांनी आपल्या छातीपुढून बोटानं एक आडवी रेघ ओढली. “मला वाटलं बाहेर काहीतरी दाखवताय, म्हणून मी तुमच्याकडं बघितलं. मग गाडी थांबली.”

नरसिंगरावांच्या डोक्यातली ती कोरी जागा भरली. वाक्य, हात, तिचं बघणं, मग पाय. सगळं बसलं, आणि बसताना कुठं खरखर झाली नाही. म्हणजे दाबायच्या आधी आपल्याला माहीत होतं. त्यांना भयंकर शरम वाटली, कान तापले. आणि त्या शरमेच्या तळाशी, त्यांना पटू नये इतकं, बरंही वाटलं. पाच आठवडे ज्या खोलीत आपण एकटे आहोत असं धरून चाललो, तिथं ही पहिल्या दिवसापासून बसलेली होती.

“मग बोलली का नाहीस?” त्यांनी विचारलं.

“काय बोलायचं? पाडलंत तुम्हीच, आणि धरायला आलात तेही तुम्हीच.” शकुंतलाबाईंचा आवाज वर्गात फळ्यावरचं उदाहरण समजावून सांगावं तितकाच होता, फक्त मध्ये एकदा थांबला. “मी मार्चपासून वाट बघत होते. तुम्ही जाऊ नकोस म्हणाला असता तर मी भांडले असते. रडले असते. राहिलेही असते कदाचित, कोण जाणे. पण तुम्ही म्हणायला तर पाहिजे होतं.”

बाजूनं भाजीची एक हातगाडी गेली. तिच्यामागं दोन बायका मोठ्यानं कन्नडमध्ये वाद घालत गेल्या. नरसिंगरावांनी त्या लांब जाईपर्यंत वाट बघितली. मग बायकोकडं वळून, तिच्या भुवईवरच्या रेघेकडं नीट बघत ते म्हणाले, “जाऊ नकोस. मला तुझ्यावाचून राहता येणार नाही.”

एवढं बोलायला त्यांना बावीस वर्षं लागली होती, आणि बोलून झाल्यावर ते फारच थोडं वाटलं. शकुंतलाबाईंनी मान खाली घातली. त्यांनी पदराच्या टोकानं डोळे पुसले, नाक पुसलं, मग तेच टोक नीट घडी करून कमरेला खोचलं.

“बरं झालं म्हणालात,” त्या म्हणाल्या. “आता चला. मेल चुकेल.”

नरसिंगरावांनी गाडी सुरू केली. मेल चुकावी असं दोघांनाही थोडं थोडं वाटत होतं आणि ते दोघांनाही कळत होतं. स्टेशनात ते सात मिनिटं आधी पोचले.